आप्पांची पाखाडी

मुलीचा फोन आला तेव्हा मी मच्छी मार्केटात बांगड्यांवरून हुज्जत घालत होतो. "बाबा, आप्पा गेले," ती म्हणाली, आणि माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो, "धरणावर?" ती म्हणाली, "नाही हो. घरी. चहा घेतला, पेपर उघडला, आणि..." पुढचं तिला बोलवेना. मला आधी दुःख झालंच नाही. सुटल्यासारखं वाटलं. गेलं वर्षभर मला एकच धास्ती होती, की हा माणूस कुणाला न सांगता पुन्हा त्या पाण्यावर जाईल आणि तिथेच राहील. ते झालं नाही एवढंच आधी डोक्यात आलं, आणि मग मात्र स्वतःची अशी लाज वाटली की हातातली पिशवी खाली पडली. समोरची कोळीण म्हणाली, "काका, काय झाला?" मी म्हटलं, "आमचे व्याही गेले." तिने हातातले बांगडे खाली ठेवले, पदराला हात पुसले आणि आपल्या बसायच्या पाटावर मला जागा करून दिली. मघापासून जिच्याशी भांडत होतो तीच बाई मला पाणी देत होती. माझ्या आयुष्यात बहुतेक गोष्टी अशाच होतात.

आप्पा म्हणजे आमच्या मधुराचे सासरे. लांज्याला त्यांची पिठाची गिरण. चाळीसेक वर्षं त्या घरघराटात काढल्यामुळे त्यांना हळू बोलणं म्हणून ठाऊकच नव्हतं. लग्नाची बोलणी करायला आले तेव्हा "मुलगी पसंत आहे" हे वाक्य त्यांनी अशा आवाजात म्हटलं की शेजारच्या बाई खिडकीत आल्या, आणि आमची ही आतून चहा घेऊन येता येता दारातच थबकली. तिला वाटलं, मोडलं. लग्नात त्यांनी माझ्या कानात एक गोष्ट सांगितली. पंगतीच्या शेवटच्या रांगेला आमटी पोचली नाही, ही ती गोष्ट. ती गुप्त बातमी मांडवातल्या सगळ्यांनी ऐकली, भटजींनी मंत्र थांबवून ऐकली. मी पावसचा, खाडीकाठचा, गप्पांत चार लोकांना लोळवणारा माणूस. पण आप्पांपुढे माझा आवाज फुटत नसे. एक तर त्यांचा आवाज, आणि दुसरं म्हणजे मी मुलीचा बाप.

हे मुलीचा बाप असणं मला पाण्यावर घेऊन गेलं. पहिल्या दिवाळीला त्यांच्याकडे जेवायला गेलो तर पानात मरळ. त्यांनी स्वतः धरणावर गळाने पकडलेली. मी आपला समुद्रवाला. गोड्या पाण्यातला मासा म्हणजे ताप आलेल्या माणसाचं जेवण, असं काहीतरी बोलून गेलो. माईंनी, म्हणजे आमच्या विहीणबाईंनी, डोळे मोठे केले. आप्पा गरजले, "एकदा चला माझ्याबरोबर, मग बोला. तुम्ही काय, समुद्राकडचे. पाण्यातलेच." आणि मी हसून मान डोलावली. आता इथे सांगितलंच पाहिजे की समुद्राकडच्या या माणसाला पोहता येत नाही. लहानपणी काकांनी कमरेला दोर बांधून विहिरीत सोडलं होतं. तो दोर मी दोन्ही हातांनी असा धरून ठेवला की शेवटी कंटाळून त्यांनी मला घागरीसारखं वर ओढून घेतलं. तिथे माझं जलशिक्षण संपलं. पण जावयाच्या घरात, जावयाच्या बापासमोर, पावसचा माणूस हे कसं सांगणार?

आप्पांचं मूळ गाव त्या धरणाच्या पाण्याखाली आहे. जावई, आमचा केदार, पाळण्यात होता तेव्हा पाणी भरलं आणि वाडी उठून वर सड्यावर, डोंगरावरच्या माळावर, आली. तिथून आप्पांनी लांज्याला गिरण टाकली. गावाबद्दल ते हळहळून कधी बोलले नाहीत. गावाचा त्यांना उपयोग होता, तो मासे शोधायला. बुडालेल्या गडग्यांच्या, म्हणजे दगडी कुंपणांच्या, आडोशाला मरळ राहते, जुन्या विहिरीच्या तोंडाशी शिंगाडा घुटमळतो, असं त्यांचं सांगणं. मासे धरण्यापेक्षा जागा हेरण्यात त्यांचा जीव जास्त. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा गळच नेला नव्हता. दोराला शिशाचा गोळा, गोळ्याच्या बुडाला कपड्याच्या साबणाचा मऊ केलेला तुकडा चिकटवलेला. दोर सोडायचा, तळ लागला की वर ओढायचा आणि साबण बघायचा. काळा चिखल आला तर तिथे भाताचा मळा होता, वाळू आली तर नदी, आणि साबण कोरा आला, हाताला टक्क असं लागलं, तर खाली दगड. गडगा, जोतं, नाहीतर पाखाडी. नदीपासून वाडीपर्यंत चढत जाणारी जांभ्याच्या चिऱ्यांची पायऱ्यांची वाट, ती त्यांची पाखाडी. "ती सापडली की गाव सापडला," ते म्हणायचे. म्हणायचे म्हणजे ओरडायचे. मासे कसे थांबत असतील देव जाणे.

आमचं वाहन म्हणजे थर्माकोलचे जाड तुकडे, त्यांना प्लास्टिकच्या पोत्यांचं आवरण आणि खाली-वर बांबू. असल्या तराफ्यावर दोन व्याही बसणार म्हणजे मानपानाचा प्रश्न आला. "तुम्ही पुढे बसा." "छे, छे, तुम्ही पुढे." "असं कसं, तुम्ही पाहुणे." "अहो, तराफा तुमचा." हे चालू असताना तराफा आपला आपण पाण्यात निघून गेला, आणि आप्पांना कमरेएवढ्या पाण्यात उतरून तो आणावा लागला. मी काठावरून सूचना देत होतो. तरी मी जात राहिलो. थंडीत महिन्यातून एखादा रविवार. मला वल्हवायला जमे, म्हणजे तराफा पुढे जायचा. मी नेईन तिकडे जायचा असं नाही.

गेल्या वर्षी पौषातली ती सकाळ. निघालो तेव्हा आभाळ स्वच्छ, पाणी तेल ओतल्यासारखं. पाण्याच्या मध्यावर एका बुडालेल्या आंब्याचा वाळका शेंडा वर आलेला आहे, त्याला तराफा बांधला आणि आप्पांनी गळ टाकले. तासाभरात धुकं उतरलं. कोकणातल्या खोऱ्यातलं धुकं मी पाहिलं नव्हतं असं नाही, पण एस.टी.च्या खिडकीतून बघणं वेगळं. आधी पलीकडचा डोंगर गेला, मग अलीकडचा काठ गेला, मग तराफ्याच्या टोकाला ठेवलेला डबा दिसेना. मी म्हटलं, "आप्पा, जेवणाचा डबा गेला." ते हसले नाहीत. तेवढ्यात त्यांच्या गळाचा दोर ताणला. मोठं काहीतरी होतं. ते अर्धवट उठले, दोन हात ओढले, आणि थांबले. दोर हातातून सुटला. सुटला नाही, सोडला त्यांनी. मासा, दोर, काठी, सगळं पाण्यात गेलं आणि ते बघतसुद्धा नव्हते. "नाना," ते म्हणाले, "छातीत जरा भरून आलंय."

मला पहिली भीती वाटली ती त्या शब्दांची नाही. त्यांचा आवाज हळू आला होता. इतकी वर्षं ओळखतो त्या माणसाला, हळू आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

आता छातीत भरून आलं म्हटल्यावर आपल्याकडचा शिकलासवरला माणूस काय म्हणतो? मी तेच म्हणालो. "पित्त असेल." आणि तेही म्हणाले, "हो, पित्तच असेल. सकाळी पोटात काही नाही." दोघांचं एकमत. मी बाटलीतलं कोकमाचं पाणी पाजलं, पाठीवरून हात फिरवला, ढेकर येतो का म्हणून वाट बघत बसलो. ढेकर आला नाही. घाम आला. पौषातल्या धुक्यात त्यांचा सदरा पाठीला चिकटला. डाव्या हाताची मूठ ते सारखी उघडत होते, मिटत होते. मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीतून काढला. त्या खोऱ्यात रेंज कधीच नसते हे मला माहीत होतं, तरी मी तो डोक्यावर धरून उभा राहायला गेलो. तराफा कलला आणि पाणी मांडीपर्यंत आलं. "बसा," आप्पा म्हणाले. "बसूनच बघा काय ते."

मी बसलो, आणि मग विचार करायला भाग पडलं. झाडाला बांधलेलो होतो तोवर मी सुरक्षित होतो. धुकं उन्हं वर आली की जातं. दोन तास, तीन तास... थांबायचं. पण त्यांच्या ओठांकडे बघितलं तर जांभळाची साल. थांबलो तर मी वाचेन, ते वाचतील की नाही सांगता येत नाही. सुटलो तर काठ कुठल्या बाजूला हेसुद्धा माहीत नाही. मी म्हटलं, "आप्पा, मला पोहता येत नाही." ते म्हणाले, "ठाऊक आहे. पहिल्याच खेपेला दिसलं. तराफ्याचा बांबू आईच्या पदरासारखा धरून बसला होतात." "मग बोलला नाहीत?" "मुलीच्या बापाला काय म्हणून बोलायचं?"

झाडाला बांधलेल्या दोराची गाठ ओली झाली होती, ती दाताने सोडवली. आप्पा तराफ्यावर आडवे झाले होते, शिशाच्या गोळ्याचा तो दोर त्यांच्या उजव्या हातात. "झाडाकडे पाठ करा आणि सरळ मारा," ते म्हणाले. सरळ... धुक्यात सरळ म्हणजे काय? चार वल्ही मारली आणि मागे पाहिलं तर झाड नव्हतं. आता आम्ही दोघं आणि हातभर पाणी, बाकी जग पांढरं. ते दोर सोडत होते, मी वर ओढून साबण त्यांच्या डोळ्यांसमोर धरत होतो. चिखल. परत चिखल. "मळे आहेत," ते म्हणाले, "चला." मग वाळू आली. त्यांनी डोळे मिटले. पुढच्या खेपेला दोर सोडला तो सुटतच गेला, संपला, आणि त्याचं टोक त्यांच्या मुठीत राहिलं तरी तळ नाही.

मी काय केलं ते लिहायला नको, पण लिहितो. मी ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही, आईचं नाव असावं. आणि मग जिवाच्या आकांताने वल्हवत सुटलो, एकाच बाजूने. तराफा जातं फिरावं तसा जागच्या जागी गरगरला. पाणी अंगावर उडत होतं, बांबूंच्या गाठी कुरकुरत होत्या, खालच्या थर्माकोलचा एक तुकडा मोडून पांढरा पांढरा माझ्या डोळ्यांदेखत धुक्यात निघून गेला. आप्पांनी माझा घोटा धरला. दुसरं काही धरायची ताकद नव्हती. "नाना," ते म्हणाले, "अहो, मधुराचे बाबा. ऐका. हळू." मी थांबलो. किती वेळ ते नुसतेच श्वास घेत होते. मग म्हणाले, "आता दोन्ही बाजूंनी, एक इकडे, एक तिकडे."

पुष्कळ वेळाने दोराला टक्क लागलं. साबण कोरा. आप्पा काही बोलले नाहीत. दोर त्यांनी पुन्हा सोडला, पुन्हा टक्क. मी म्हटलं, "दगड ना हा? आप्पा, दगड आहे ना?" ते गप्पच. मग बरंच थांबून, अगदी सहज बोलल्यासारखं म्हणाले, "पाखाडी लागली."

मी रडलो असेन. "आता ही सोडायची नाही," ते म्हणाले. "मी सांगतो तसे चढत चला." आणि मग त्या माणसाने, ज्याला एक वाक्य सलग बोलवत नव्हतं, मला पाखाडी चढवली. टक्क. "ही शिंप्याच्या घरासमोरची. रुंद पायरी आहे. बायका पाण्याला जाताना इथे टेकायच्या." मी वल्हवलं. टक्क. "गुरवाची. इथला चिरा हलतो. सांभाळा." मी पाण्यावर तरंगत होतो आणि खालचा चिरा हलतो म्हणून खरोखर जपून वल्हवत होतो. "बापू सुताराची. ह्याच्या अंगणातून कुत्रा धावून यायचा. लहानपणी आम्ही पळत जायचो... जरा पळवा, नाना." पळवला. मध्येच त्यांचा आवाज बंद झाला. मी वळून पाहिलं तर डोळे मिटलेले, दोर हातातून निसटत चाललेला. मी म्हटलं, "आप्पा, पुढची कुणाची? आप्पा, मला पुढची माहीत नाही." मला गावात पत्ता चुकल्यासारखं झालं होतं. त्यांचे ओठ हलले. "काशी आतेची," ते म्हणाले. "दारात पेरू आहे." मग बराच वेळ काही नाही, आणि मी आपला काशी आतेच्या पायरीवर उभा असल्यासारखा वल्हवत राहिलो. मग तराफा खरखरत थांबला. "आमचं घर," आप्पा म्हणाले. "आता उतरा."

काठावर काय होतं, कुठे लागलो, हे बघायला सवड नव्हती. तराफा कुठल्याशा झाडाला अडकवला, त्यांना काखेत धरून, ओढून, शेवटी पाठीवर घेऊन वर चढलो. माझं वय आणि माझी कंबर बघता हे कसं झालं ते डॉक्टरही विचारत होते. वर रस्ता लागला. चिऱ्यांनी भरलेला एक टेम्पो आला, ड्रायव्हरने अर्धे चिरे तिथेच रस्त्याकडेला उतरवले आणि आप्पांना हौद्यात निजवलं. रत्नागिरीला पोचलो. डॉक्टर म्हणाले, अजून थोडा उशीर झाला असता तर...

त्यानंतर दोन्ही घरांतल्या बायकांनी आम्हाला धरणबंदी केली. आप्पा बरे झाले, गिरण केदारने नेमलेल्या माणसाकडे गेली, आवाज परत आला. आणि मला आयुष्यातली सर्वांत चांगली गोष्ट मिळाली. ती मी बारशाला सांगितली, मुंजीला सांगितली, दाढी करता करता न्हाव्याला सांगितली. गोलगोल फिरलो ते, कोकमाचं पाणी पाजलं ते, सगळं. लोक हसत. मग मी आवाज खाली आणून म्हणायचो, "आणि तेवढ्यात लागली पाखाडी." आप्पा समोर असले तर भात कालवत बसायचे. कुणी विचारलं, "खरं का हो?" तर गरजायचे, "हो, हो. पाखाडीच ती." आणि माईंना म्हणायचे, "जरा ताक वाढ."

परवा, म्हणजे त्यांचं सगळं आटोपल्यावर, माई म्हणाल्या, वैशाखात पाणी उतरलंय, एकदा गाव बघून येऊ या. बुडाल्यापासून त्या तिथे कधी गेल्या नव्हत्या. मधुरा, केदार, माई आणि मी. पाणी इतकं खाली गेलं होतं की लाल मातीचे उतार उघडे पडले होते. केदारने गाडी उभी केली ती त्याच रस्त्यावर. "आप्पांना इथून टेम्पोत घातलं होतं ना," तो म्हणाला, "तराफा मी दुसऱ्या दिवशी खालून नेला, त्या करंजाला अडकला होता." करंज मी ओळखला. आम्ही उतरून खाली गेलो. करंजाच्या खाली पाण्यापर्यंत नुसता काळा कातळ, म्हशीच्या पाठीसारखा. मी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. म्हटलं, "माई, पाखाडी कुठे?"

माईंनी पाण्यापलीकडे बोट दाखवलं. खोऱ्याच्या समोरच्या उतारावर, वाळक्या आंब्याच्याही पलीकडे, लाल चिऱ्यांची एक वाट पाण्यातून निघून वर चढत होती. बाजूला जोत्यांचे चौकोन. "ती काय," त्या म्हणाल्या. "तिथे गाव. ह्या अंगाला नुसता कातळ. इकडे गुरंसुद्धा यायची नाहीत. मध्ये नदीचा डोह."

डोह. दोर संपला होता तो.

मी म्हटलं, "पण आप्पांनी मला एकेक पायरी सांगितली."

"कुठल्या?"

"शिंप्याची..."

"गुरवाची," माई म्हणाल्या, पलीकडे बघत. "मग बापू सुतार. कुत्रा होता त्याचा. मग काशी आते..." त्यांचं बोट त्या लाल पायऱ्यांवरून एकेक घर वर सरकत होतं. एकही घर चुकलेलं नव्हतं. फक्त ती सगळी तिकडे होती, आणि आम्ही इकडे. मधुराने माझा हात धरला. केदार कातळावर उकिडवा बसला आणि बराच वेळ पाण्यात खडे टाकत राहिला. माई म्हणाल्या, "ह्यांना कळलं नसेल असं नाही व्हायचं. डोह ओलांडला की आपण कुठे ते ह्यांना डोळे बांधले तरी कळायचं. डोहानंतर ह्या अंगाचा कातळ किती लांब, मध्ये पुन्हा खोल लागतं का, ते मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुम्हाला तसं सांगितलं असतं तर?"

तसं सांगितलं असतं तर मी पुन्हा गरगर फिरलो असतो. ते त्यांना माहीत होतं, माईंना माहीत होतं, आता तुम्हालाही माहीत आहे.

आमच्या इमारतीत लिफ्ट नाही. बाजारातून पिशवी घेऊन तिसऱ्या मजल्यावर चढताना हल्ली मी नावं घेत चढतो. शिंप्याच्या पायरीवर पिशवी खाली टेकतो. गुरवाकडे जपून पाय टाकतो. बापू सुताराकडे जरा घाई करतो, आणि मग दम लागतो तो काशी आतेच्या दारात. ही दार उघडते आणि विचारते, "कुणाशी बोलत होता?" मी म्हणतो, "कुणाशी नाही." शेवटच्या पायरीचं नाव मी अजून घेतलेलं नाही. ते घेतलं की उतरायचं असतं.